पान दोन, खालचा कोपरा

दुरुस्त्यांची चौकट आयला कॉस्किनेन लिहायची.
पान दोन, डावीकडे तळाला, सात पॉइंटचा टाइप,
हवामान आणि गाद्यांची जाहिरात यांच्या मध्ये.
‘नववधूचं आडनाव हेगस्ट्रॉम, हेगस्ट्रँड नव्हे.’
‘अग्निशमन दलाचा कुत्रा जिवंत आहे. दिलगीर आहोत.’
एकवीस वर्षं. मी पानं लावायचो, ती चुका आणायची.
आम्ही म्हणायचो, पेपरात खरं असं एवढंच छापून येतं.
तेव्हा तो विनोद होता.

मग सरोवराकाठचा आमचा ‘बीकन’ विकला गेला.
घेणाऱ्याची कागद गिरणी नदीच्या वरच्या अंगाला,
म्हणजे छापायचो तो कागदही त्याचाच.
पहिल्या दिवशी आला, मफलर न काढता
सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशी दोनदा,
म्हणाला, तुमच्या कामात मी कधी पडणार नाही.
आणि शब्दाला जागला. एकदाही पडला नाही.
फोन नाही, चिठ्ठी नाही.
आम्हीच शिकलो हळूहळू
त्याच्या मनातलं त्याच्याआधी ओळखायला.
घरात म्हातारा झोपलेला असला की
भांडी कशी आपोआप हळू वाजतात, तसं.

ओडेगार्ड मास्तर मात्र झोपू देत नसत.
निवृत्त, भूगोलाचे. दर सोमवारी
आठवड्याचे अंक परत पाठवायचे, लाल पेन्सिलीनं तपासून.
समासात: ‘हे कोणी सांगितलं?’ ‘कोणाच्या पैशानं?’
‘वारा वायव्येचा होता.’
मालकाच्या दानशूरपणाला पहिलं पान दिलं आम्ही,
तेव्हा अख्ख्या पानाला लाल लावलं नाही त्यांनी.
तळाशी फक्त शेरा: ‘पाठांतर चांगलं.’
संपादक तो गठ्ठा न उघडता टाकायचा.
आयला उचलून आणायची, कॉफी थंड होईतो वाचायची.

एप्रिलात बर्फ फुटला आणि नदीच्या मुखाशी
मासे वर आले, पांढरी पोटं आभाळाकडे.
रेमी बुशेनं बातमी आणली, फोटोसकट.
ती कुणी मारली नाही. फक्त उद्यावर गेली.
उद्याची परवावर.
मग तिच्या जागी मीच, या हातांनी,
गाद्यांची जाहिरात अर्ध्या पानाची केली.

त्या गुरुवारी रात्री साडेनऊला आयलाची चौकट आली.
‘मंगळवारच्या अंकात पान चारवर गाद्या छापल्या गेल्या.
तिथे हवे होते: नदीच्या मुखाशी चाळीस मेलेले मासे,
गिरणीच्या नळापासून तीनशे पावलांवर.
चुकीबद्दल दिलगीर आहोत.’
वाचली. पुन्हा वाचली.
सात पॉइंट. मापात बसत होती.
हाताखाली बटण होतं आणि घरी दोन मुली.
मी काहीच केलं नाही.
त्या रात्री काहीच न करणं म्हणजे छापणं होतं.
इतकी वर्षं ते उलट असायचं.

शुक्रवारी तिचं टेबल अकरा मिनिटांत रिकामं झालं.
मालक तेव्हाही मध्ये पडला नाही.

सोमवारी मास्तरांचा गठ्ठा आला, तिच्या नावानं.
मी उघडला.
गुरुवारचं पान दोन. चौकटीला लाल कुठे नाही.
आहे. ‘चाळीस’खाली रेघ,
आणि समासात ते थरथरतं अक्षर:
‘एक्केचाळीस. एक दगडाखाली होता. मी वाकून पाहिलं.’

चौकट आता बंद आहे. ‘बीकन’मध्ये चुका होत नाहीत.
मी अजून पानं लावतो.
हवामान आणि गाद्या यांच्या मध्ये
रोज रात्री एक ओळ रिकामी राहते. म्हणजे, मी ठेवतो.
आज मोजून पाहिली.
‘एक्केचाळीस’ तिथे नीट बसतं.